सायबाच्या चिरुटाचा मान

महिपतीला बिडीच्या धुराचासुद्धा ठसका लागतो. शेजारी कुणी चिलीम ओढायला घेतली की हा उठून दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसतो. आणि सायबबाबाच्या थडग्यावर दर वर्षी चिरूट पेटवायचा मान कुणाचा? तर महिपतीचा! दिवसाला बिडीचं बंडल संपवणारा मी, जोतीराम, काय करायचो? तर त्याच्या मागं उकडलेल्या अंड्याचं ताट धरून उभा राहायचो.

ते का, तर तो थोरल्या पातीचा आणि मी धाकट्या. आमचे आजे सख्खे भाऊ. त्याचा आजा एकनाथ थोरला, माझा आजा बाळू धाकटा. दोघांत दोन-तीन वर्षांचं अंतर असेल नसेल. पण त्या दोन-तीन वर्षांची किंमत मी चाळिशीपर्यंत भरत आलो. नकटं व्हावं पण धाकटं होऊ नये, असं म्हणतात. ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, तो नक्कीच कुणाच्या तरी मागं ताट धरून उभा राहिलेला माणूस असणार.

सोलापूर सोडून मंद्रूपच्या वाटेला लागलं की थोड्या वेळानं डाव्या हाताला लिंबाची बाग दिसते, तो आमचा मळा. त्याला सगळे सायबाचा मळा म्हणतात. पेशवाई बुडाल्यावर काही वर्षांनी क्रेग नावाचा एक गोरा कंपनीची चाकरी सोडून इथं येऊन राहिला. त्यानं विहीर खोदली. विलायती कापूस लावला, तो जळाला. रेशमासाठी तुती लावली, तीही गेली. मग कागदी लिंबं लावली, ती मात्र आमच्या मातीला मानवली. माणूस परत गेलाच नाही. तापानं मेला आणि विहिरीजवळच पुरला गेला. दुष्काळातही त्याच्या विहिरीचं पाणी हटलं नाही म्हणून लोक त्याला सायबबाबा म्हणायला लागले. पोराला ताप आला की बाया त्याला अंडं-पावाचा नवस बोलतात. चैत्रातल्या दुसऱ्या गुरुवारी सगळा मळा थडग्याशी जमतो. पाव सदर बझारातून येतो, दारू थोडी चौथऱ्यावर ओततात, आणि मानकरी चिरूट पेटवून, एक झुरका घेऊन, तो दगडावर ठेवतो. मग गाव मानकऱ्याला फेटा बांधतं. त्या दिवशी विहिरीवर त्याचे बैल पहिले पाणी पितात. माझे बैल मागं उभे राहून माना हलवत बघतात. जनावरालासुद्धा कळत असेल, असं मला त्या वेळी वाटायचं.

बरं, महिपती वाईट असता तर एक वेळ चाललं असतं. चार शिव्या देऊन मन मोकळं झालं असतं. पण हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्या बांधावरचं कुंपण पडलं तर मला न सांगता उभं करून जातो. आणि वर ते घारे डोळे! आमच्या मळ्यात सगळ्यांचे डोळे कोळशासारखे, याचेच तेवढे घारे. बायका म्हणायच्या, "महिपतीच्या डोळ्यात सायबबाबाचा आशीर्वाद हाय की." माझ्या डोळ्यांबद्दल उभ्या जन्मात कुणी काही बोललं नाही.

मी शिकलो. मराठी सात यत्ता पास झालो, सोलापुरात एका वकिलांकडे कारकून लागलो, इंग्रजीही मोडकंतोडकं बोलायला लागलो. महिपतीला सही करता येत नाही. तरी मळ्यात परतलो की मी "महिपतीचा धाकटा भाऊ." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या फाल्गुनात वकीलसाहेबांच्या कचेरीत एक गोरा आला. उंच, लालबुंद, उन्हानं नाकाची साल निघालेली. पलटणीत काही वर्षं काढल्यामुळं त्याला कामापुरतं हिंदुस्थानी येत होतं. त्यानं टेबलावर एक लांबलचक कागद पसरला. त्यावर त्यांच्या घराण्याचं झाड काढलेलं होतं, फांदी-फांदीला नावं. एक फांदी मात्र बोडकी. तिच्या टोकाला नुसतं लिहिलं होतं, मॅथ्यू क्रेग, सोलापूर.

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. "जोतीराम, हे थडगं तुमच्याच मळ्यातलं ना?"

"होय साहेब. आमच्याच घराण्याकडे मान आहे त्याचा."

'आमच्या घराण्याकडे' म्हणालो, यात खोटं काय?

"मग तुम्हीच यांच्याबरोबर जा."

मोटारीत साहेबाच्या शेजारी बसून मी मळ्यात उतरलो तेव्हा माझी छाती दोन वीत फुगली होती. थडगं मी दाखवलं, विहीर मी दाखवली, लिंबाची सर्वांत जुनी झाडं मी दाखवली. तेवढ्यात महिपती हातपाय धुऊन आला. त्यानं काही बोलायच्या आधी साहेबापुढं ताकाचा तांब्या धरला. साहेब गटागटा प्याला, मिशीचं ताक पुसलं आणि हसला. त्यानंतर जे काही विचारायचं ते तो महिपतीकडे बघून विचारायला लागला, आणि मी आपला मधे भाषांतर करणारा. मोटारीतून आणला मी, आणि एका तांब्याभर ताकावर साहेब नेला महिपतीनं.

थडग्यावरची झाडलोट, शेंदूर न लावता नुसता चुन्यानं सारवलेला चौथरा, हे सगळं बघून साहेबाचे डोळे ओले झाले. तो म्हणाला, "मी इथे एक संगमरवरी पाटी बसवणार. ज्या घरानं ही जागा इतकी वर्षं सांभाळली, त्याचं नाव तिच्यावर कोरणार. कुणाचं नाव?"

मळ्यातले सर्वांत वडीलधारे पंचाक्षरी अप्पा काठी टेकून उभे होते. लिंगायत माणूस, बोलताना कानडी मधे यायची. "नाव मानकऱ्याचं, तम्मा. दुसरं कुणाचं असतं?" असं म्हणून त्यांनी काठीचं टोक महिपतीकडे केलं.

फेटा वर्षातनं एकदा बांधतात आणि सोडतात. बैल पाणी पिऊन घरी जातात. पण संगमरवरावर कोरलेलं नाव माझी नातवंडं-पतवंडं वाचत राहणार. माझी वाचणारच, कारण मी त्यांना शाळेत घालणार. आणि त्यांनी वाचायचं काय, तर महिपती!

मग साहेबानं दुसरी गोष्ट विचारली. "त्यांची कुणी बायको? मूलबाळ?" कागदावरच्या बोडक्या फांदीवर त्याचं बोट होतं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. महिपती म्हणाला, "न्हाय जी. सायबबाबा एकलाच हुता म्हणत्यात."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. साहेब महिपतीकडे बघत होता, महिपती साहेबाकडे. दोघांवर तिरपं ऊन पडलं होतं, आणि चारही डोळे घारे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हा आशीर्वाद नव्हे, हे रक्त, असं माझ्या मनानं तिथंच घेतलं.

साहेब गुरुवारच्या सोहळ्यापर्यंत थांबणार होता. तोवर विजापूरचा घुमट बघून येतो म्हणाला. मला तेवढी सवड पुरेशी होती. वकिलाच्या कारकुनाला एक कळतं, की नुसता संशय कामाचा नाही, साक्षीदार पाहिजे. आमच्या घराण्यात असा साक्षीदार एकच उरला होता, माझी आत्या बजाबाई. बाळूआजाची लेक, मोहोळला दिलेली. आमची पणजी गोदावरी, म्हणजे एकनाथ आणि बाळूची आई, हिच्या कुशीत झोपलेली, तिला डोळ्यांनी बघितलेली तेवढी हीच.

मोहोळच्या घरी आत्या उखळात शेंगांची चटणी कुटत होती. सत्तरी उलटली तरी मुसळ खाली ठेवत नव्हती. मी सरळ विषयाला हात घातला.

"आत्या, विलायतंचा सायब आलाय. सायबबाबाला वारस हाय का म्हणून इचारतोय. गोदाआजी त्याच्या बंगल्यात कामाला हुती न्हवं?"

मुसळ थांबलं. आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. महिपतीदादाचं डोळं बघून मलाच वाटलं."

तिनं मुसळ भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "माझ्या संगट जाळायची गोष्ट हाय ही. पर आता तूच इचारलंस... व्हय. एकनाथकाका सायबाचा. आजीनं माझ्यापाशी सांगितलं हुतं, मरायच्या आदी."

"आणि आमचा आजा? बाळूआजा?"

"माझा बाप भीमाचा. भीमाआजा सायबाच्या बागेचा माळी. आजीला त्यानं..."

मी उठलो. बसवेनाच मला. एकनाथ सायबाचा, बाळू भीमाचा! म्हणजे महिपती आमच्या कुळातलाच नाही. थोरली पाती नाहीच मुळी. खरी पाती एकच, ती आमची, आणि मी तिचा थोरला! इतकी वर्षं ज्याच्या मागं ताट धरलं तो परका निघाला.

"आरं थांब की जोती. पुढचं आईक. भीमाआज्यानं..."

"आत्या, गाडी चुकंल माझी. गुरुवारी सकाळच्या गाडीनं तू ये, मी ठेसनावर येतो. सायब तुला बघणार हाय."

"पुढचं आईकल्याबिगर बोलू नगंस कुणापुढं!" तिनं दारातून ओरडून सांगितलं. मी मागं वळून हात हलवला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, म्हणा खुशाल. पण इतकी वर्षं उपाशी बसलेल्या माणसाच्या पुढं पान वाढल्यावर तो चित्राहुती घालत बसतो होय?

घरी सोजरला, माझ्या बायकोला, सांगितलं. वाटलं, ती तरी खूश होईल. अंड्याचं ताट दर वर्षी घासते कोण?

तिनं भाकरी तव्यावर तशीच टाकली आणि माझ्याकडे बघत राहिली. भाकरी करपली.

"अवं, ती तुमची बी पणजी न्हवं का?"

"म्हणून काय झालं?"

"मेलेल्या बाईचा पदर चार माणसांत वडायचा, आन् कशासाटी? तर बिडीवाणी एक नळकांडं पेटवायला! धाकटेपणानं काय अंगाला भोकं पडली का तुमच्या?"

"तुला नाही कळायचं. तुझ्या माहेरी मानच नाही कसला."

हे बोलायला नको होतं हे मला माहीत आहे. तिनं मला त्या रात्री करपलेलीच भाकरी वाढली, आणि मी ती मुकाट्यानं खाल्ली.

गुरुवार आला. मी सोलापूरच्या ठेसनावरून आत्याला टांग्यात घातलं. वाटेत ती दोन-तीनदा म्हणाली, "जोती, ते राह्यलेलं सांगत्ये..." पण मी साहेबापुढं बोलायची इंग्रजी वाक्यं मनात जुळवत होतो. 'ही इज नॉट ऑफ अवर फॅमिली' हे जमलं होतं, पुढचं जमत नव्हतं. मी तिला म्हणालो, "आत्या, जरा गप बस की. तितं गेल्यावर बोल सगळं."

थडग्याभोवती मळा जमला होता. बाया एका बाजूला, पोरंसोरं विहिरीच्या काठावर. साहेबासाठी कुणीतरी खुर्ची आणून ठेवली होती, पण तो उभाच होता, टोपी हातात धरून. महिपतीनं धुतलेलं धोतर नेसलेलं. पंचाक्षरी अप्पांनी दारू ओतली. पाव ठेवला. मी ताट धरून नेहमीच्या जागी उभा राहिलो, शेवटचं म्हणून. महिपतीनं चिरूट तोंडात धरला, नेहमीप्रमाणं आधीच कसनुसं तोंड केलं, आणि काडी ओढली.

"थांबा!" मी म्हणालो. "हा चिरूट महिपतीनं पेटवायचा नाही."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी ताट सोजरच्या हातात कोंबलं आणि पुढं झालो. कोर्टात आमचे वकीलसाहेब उभे राहतात तसा उभा राहिलो.

"मान आमच्या घराण्याचा. आणि महिपती आमच्या घराण्यातला नाहीच. त्याचा आजा एकनाथ भीमाचा नव्हता. सायबाचा होता. माझी पणजी..." इथं जीभ जरा अडली, पण मी ढकलली, "माझी पणजी गोदावरी या सायबाच्या घरात होती. ही बजाबाई साक्षीला आहे. विचारा तिला!"

मग हेच मी साहेबाला इंग्रजीत आणि हिंदुस्थानीत मिळून सांगितलं. त्याचा चेहरा आधीच लाल होता, तो आणखी लाल झाला.

बायांनी पदर पुढं ओढले. महिपतीच्या हातातली काडी जळत जळत बोटांपर्यंत आली, तरी त्यानं ती टाकली नाही. चटका बसला तेव्हाच सुटली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. खरं सांगायचं तर तेच बघायला मी आलो होतो. तो रागावेल, अंगावर येईल, रडेल, काहीही करेल. पण त्यानं चिरूट तोंडातून काढला आणि आत्याला विचारलं,

"आत्या, गोदाआजीला सायबानं जबरीनं ठिवली हुती का गं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आला नव्हता. मोहोळला जाऊन मी वारस विचारला, पाती विचारली, हे काही विचारलं नाही.

आत्या पुढं आली. मला तिनं हातानं बाजूला सारलं. "न्हाय रं लेकरा. दुष्काळात तिचं आई-बाप मेलं, ती मंद्रुपाकडनं चालत आली हुती. सायबानं तिला भाकरी दिली, मग घर दिलं. माणूस चांगला हुता म्हणायची. आजी त्याच्या नावानं रडायची, मी बघितलंय. आता ह्यानं अर्दंच आईकून सांगितलंय, तर बाकीचं मी सांगत्ये. सगळ्यांनी आईका."

ती चौथऱ्यावर टेकली. साहेब खुर्ची ओढून तिच्या समोर बसला. त्याला भाषांतर करून सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, म्हणजे पुढचा प्रत्येक शब्द मला दोनदा ऐकावा लागला.

"सायबाला ताप आला तवा एकनाथकाका आजीच्या पोटात हुता. सायबाचा ह्यो माळी, भीमा, त्याचा लई इश्वासाचा चाकर. सायबानं मरताना आजीचा हात त्याच्या हातात दिला. म्हणाला, हिला सांबाळ, लेकराला सांबाळ. आन् म्हणाला, भीमा, तू रोज माझा चिरूट पेटवून द्यायचास, मी गेल्यावर बी वर्साला एक पेटवून ठिवत जा. चिरूट भीमाला दिलेला हाय. मान चाकराचा हाय, जोती. तुझ्या पणज्याचा."

मान माझाच होता! मी म्हणत होतो तेच! पण कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

"मग एकनाथआज्याकडं कसा गेला?" महिपतीनं विचारलं.

"भीमाआज्यानं दिला. माझा बाप त्याच्या पोटचा, तरी त्यानं त्याला दिला न्हाय. म्हणाला, ह्या थोरल्याला उद्या कुणी परका म्हणू नये. पहिला फेटा त्याला बांदला की मग कुणाची बोलायची टाप न्हाय, ह्यो माझाच थोरला पोरगा. माझ्या बापाला बी ठावं हुतं सगळं. त्यो जलमभर ताट धरून मागं हुबा राह्यला, पर त्यानं कदी तोंड उगडलं न्हाय." आत्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, आणि तेच मला सोसेना. "दोन पिढ्यांनी जीव टाकून झाकलं, जोती. तू एका चिरुटापायी उगडलंस."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात, ते ऐकलं होतं. माझं नाक तर गेलंच, आणि अपशकुन कुणाला झाला ते बघायला मी मान वर केली.

पंचाक्षरी अप्पा महिपतीपुढं वाकत होते! एवढा म्हातारा माणूस, काठी बाजूला ठेवून. "अय्यो, तम्मा, तू तर बाबाच्या घरचाच निघालास की." ते लोकांकडे वळले. "ऐका. ज्याच्या विहिरीचं पाणी आपण पितो, हे त्याचं रक्त. जातीचं काय ते भीमानं पदरात घेतलं तेव्हाच मिटलं. पुन्हा कुणी काढायचं नाही." दोन-तीन बाया पुढं झाल्या आणि महिपतीच्या पायावर डोकं ठेवून गेल्या. त्यांना तर आता तापाच्या नवसाला जिताजागता देव मिळाला.

साहेब उठला. त्यानं तो लांब कागद उलगडला, खिशातून पेन्सिल काढली. बोडक्या फांदीवर पेन्सिल टेकवली आणि थांबला. बराच वेळ थांबला. मला आशा वाटली, की हा लिहिणार नाही. गोरा माणूस, काळ्याला कशाला घरात घेईल? पण त्यानं महिपतीकडे बघितलं, त्या डोळ्यांकडे, आणि मला विचारलं, "नाव बरोबर कसं लिहायचं, सांग."

मीच सांगितलं. एक एक अक्षर. गोदावरीचं, एकनाथाचं, महिपतीच्या बापाचं, आणि महिपतीचं.

मग महिपती माझ्यापुढं आला. हातातला चिरूट त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"घे जोती. तुझ्या पणज्याचा हाय. मला ठावंच नव्हतं, न्हायतर कवाच दिला असता."

तो एक शिवी देता तर माझं भलं झालं असतं. त्यानं काडीसुद्धा ओढून धरली. मी, बिडीचं बंडल रोज संपवणारा माणूस, झुरका घेतला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाण्याच्या धारा. महिपती माझी पाठ थोपटत होता. "हळू, हळू की रं." लोकांना वाटलं मी रडतोय. वाटू दे. चिरूट मी दगडावर ठेवला. अप्पांनी मला फेटा बांधला. बांधताना ते महिपतीकडे बघत होते.

पावसाळ्याआधी पाटी आली. संगमरवरी, कडेला वेलबुट्टी. वर सायबबाबाचं नाव, खाली इंग्रजीत आणि मराठीत: त्यांचा एकनिष्ठ चाकर भीमा व त्याचा वंशज जोतीराम यांनी ही जागा राखली. माझं नाव कोरलेलं आहे, नीट, खोल. आता इतक्या वर्षांनी, परवा माझा नातू बोट ठेवून वाचत होता. 'एकनिष्ठ'पाशी अडखळला, 'चाकर' मात्र खणखणीत वाचलं. महिपतीचं नाव पाटीवर नाही. त्याचं नाव विलायतेत, त्या पाहुण्या साहेबाच्या घरी, झाडाच्या कागदावर, भिंतीला टांगलंय म्हणे.

यंदाच्या चैत्रातही सोहळा झाला. फेटा मला. माझे बैल पहिले पाणी प्यायले. चिरूट मी पेटवला. आता कुणी म्हणेल, जोतीराम, अजून काय पाहिजे तुला?

अंड्याचं ताट आता महिपती धरतो. कुणी सांगितलं नाही, आपण होऊन सोजरच्या हातून घेतो आणि माझ्या मागं येऊन उभा राहतो. बाया येतात, मला ओलांडून मागं जातात, त्याच्या हातातलं ताट कपाळाला लावतात, तापलेली पोरं त्याच्या पायावर घालतात. त्याला धूर नको म्हणून सोजर त्याला पंख्यानं वारा घालते, माझी बायको! मी पुढं चिरूट घेऊन उभा असतो, आणि माझं सगळं लक्ष मागच्या ताटाकडे असतं.